धक्का चढउतारासाठी असतो, मुक्कामासाठी नव्हे

मुंबई बंदरातील प्रवासी लाँच, हौसेच्या बोटी आणि धक्क्याबाहेरची वाहने या विषयावर आलेल्या पत्रांतील पाच प्रश्नांना या महिन्यात उत्तरे देत आहे. पत्रे थोडी संक्षिप्त केली आहेत. मूळ प्रश्नांना धक्का लावलेला नाही.

प्रश्न : मी चाळीस वर्षे अपोलो बंदरच्या मागच्या गल्लीत राहतो. शनिवार-रविवारी आमच्या दारापुढे दुहेरी रांगेत गाड्या उभ्या असतात. आता रेडिओ क्लबजवळ नवी जेट्टी होणार आणि तिथे १५० गाड्यांचा वाहनतळ असणार, असे वाचले. त्याने आमचा त्रास कमी होईल की वाढेल? आणि प्रवाशांच्या सुरक्षिततेसाठी नवी जेट्टी खरोखर हवी आहे का?
— एक ज्येष्ठ नागरिक, कुलाबा

उत्तर : आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण पहिल्याचे उत्तर त्यात दडलेले आहे. गेटवे ऑफ इंडियाच्या पायऱ्यांवर ओहोटीच्या वेळी एकदा तासभर उभे राहून पाहावे. भरतीत पाण्याखाली असणाऱ्या पायऱ्या उघड्या पडतात आणि त्यांच्यावर हिरवे शेवाळ असते. जागा अपुरी असल्याने लाँच एकीला एक लागून आडव्या उभ्या राहतात आणि तिसऱ्या लाँचच्या प्रवाशांना पहिल्या दोन लाँचवरून चालत जावे लागते. अशाच एका सकाळी सत्तरीच्या एका आजींचा एक पाय आतल्या लाँचच्या काठावर आणि दुसरा बाहेरच्या लाँचवर असताना लाट आली आणि दोन्ही लाँच हातभर दूर सरकल्या. खलाशाने त्यांना दंडाला धरून अक्षरशः उचलून घेतले म्हणून पुढचा प्रसंग टळला. त्या मधल्या फटीत पाय अडकला असता, तर लाँच परत जवळ येताना काय झाले असते, हे बोटीवर काम केलेल्या कोणालाही सांगावे लागणार नाही. जिथे सुरक्षितता त्या खलाशाच्या दंडातल्या ताकदीवर अवलंबून आहे, तिथे सुधारणा हवी, याविषयी माझ्या मनात शंका नाही.

नव्या जेट्टीचा प्रकल्प सुमारे २२९ कोटी रुपयांचा आहे. त्याविरुद्ध रहिवाशांनी केलेली याचिका मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये फेटाळली. परंतु प्रकल्पातल्या ॲम्फीथिएटरची (पायऱ्यांच्या खुल्या प्रेक्षागृहाची) जागा केवळ प्रवाशांच्या प्रतीक्षेसाठी वापरावी आणि उपाहाराची सोय प्रवाशांपुरती ठेवावी, असे बंधनही घातले. ही अट मला फार मोलाची वाटते. धक्क्यावर करमणूक आली की माणसे बोटीसाठी न येता धक्क्यासाठी येऊ लागतात, आणि येताना गाड्या घेऊन येतात.

आता गाड्यांचा हिशेब पाहू. गेटवेवरून वर्षाला ३० लाखांच्या वर प्रवासी जा-ये करतात. पावसाळ्याचे आणि खराब हवामानाचे दिवस वगळून वर्षाचे ३०० दिवस धरले, तरी दिवसाला सरासरी १० हजार प्रवासी होतात आणि सुट्टीच्या दिवशी त्याहून कितीतरी अधिक. त्यांच्यापुढे १५० गाड्यांचा तळ म्हणजे समुद्रात खसखस. तो तळ घारापुरीला चार तास जाणाऱ्या प्रवाशांना खुला केला, तर सकाळी दहाच्या आत भरेल आणि त्यानंतर येणारी प्रत्येक गाडी जागा शोधत आपल्या गल्लीतून फिरत राहील. म्हणून, या जागेत दिवसभराच्या पार्किंगला मनाई असावी. ती अपंग आणि वृद्ध प्रवाशांना उतरवण्यासाठी, टॅक्सीला वळण्यासाठी आणि रुग्णवाहिकेसाठी राखावी, असे माझे स्पष्ट मत आहे. ऑक्टोबर २०२५ पासून मेट्रो ३ कफ परेडपर्यंत धावते. हुतात्मा चौक किंवा विधान भवन स्थानकावर उतरून धडधाकट माणसाला गेटवेपर्यंत चालत येता येते. तिथून धक्क्यापर्यंत बेस्टच्या छोट्या बस दर दहा मिनिटांनी सोडल्या, तर वृद्धांचीही सोय होईल. आपण आणि आपल्या शेजाऱ्यांनी ही मागणी महापालिका आणि वाहतूक पोलीस यांच्याकडे आत्ताच लेखी करावी, कारण जेट्टी सुरू झाल्यावर लागलेली सवय मोडत नाही.

रुग्णवाहिकेचा उल्लेख मी सहज केलेला नाही. १८ डिसेंबर २०२४ रोजी घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ या लाँचवर चाचणीसाठी निघालेली नौदलाची वेगवान बोट आदळली आणि १५ जणांचा जीव गेला. पाण्यातून काढलेल्या माणसांना जी बोट हाताशी होती तिच्यात घेऊन वेगवेगळ्या धक्क्यांवर न्यावे लागले. अशा वेळी धक्क्याच्या तोंडाशी उभी असलेली एक गाडी, जिचा चालक कुठेतरी भेळ खात आहे, कोणाच्या तरी श्वासाच्या आड येते. तीच गोष्ट पाण्याच्या बाजूने खरी आहे. पायऱ्यांना बांधून ठेवलेली रिकामी बोट ही दुहेरी रांगेतल्या गाडीइतकीच अडचणीची असते. धक्का चढउतारासाठी असतो. प्रवासी उतरले की लाँचने आणि गाडीनेही जागा मोकळी केली पाहिजे.

प्रश्न : आम्ही तिघा मित्रांनी मिळून २१ फुटी स्पीडबोट घेतली आहे. परदेशात मरीनामध्ये गाडीसारखी बोट लावतात, तशी सोय इथे दिसत नाही. गेटवेसमोर नांगर टाकून बोट ठेवली तर चालेल का? जेवायला जाताना तासभर धक्क्याला बांधून ठेवता येईल का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : मरीनामधली सोय ही मुख्यतः तरंगत्या फलाटांची सोय असते. पाणी चढले की फलाट चढतो, उतरले की उतरतो, आणि बोटीचा दोर ढिला किंवा ताठ होत नाही. कोचीला बोळगट्टी बेटावर अशी मरीना आहे. मुंबईत अद्याप नाही. आपल्याकडे उधाणाच्या दिवशी भरती आणि ओहोटी यांच्या पातळीत ४ मीटरहून अधिक अंतर पडते, म्हणजे सुमारे सहा तासांत पाणी एका मजल्याहून अधिक खाली जाते. पाणी उतरत असताना दगडी धक्क्याला आखूड दोराने बांधलेली बोट आपण जेवून परत येईपर्यंत दोराला लटकलेली असू शकते; तिचे खुंटे उपटून निघतात किंवा ती एका कुशीवर होऊन पाणी घेते. त्यामुळे तासभर बोट बांधून सगळ्यांनी निघून जाणे हे सोयीचे नाही आणि सुरक्षितही नाही. तिघांपैकी एकाने बोटीवर थांबावे, उरलेल्या दोघांना उतरवून बोट धक्क्यापासून दूर घ्यावी.

नांगराबद्दल थोडे विस्ताराने सांगतो, कारण नव्या बोटमालकांची सर्वांत मोठी चूक इथेच होते. नांगर त्याच्या वजनाने बोट धरत नाही. तो चिखलात रुतून धरतो, आणि दोराची ओढ तळाला जवळजवळ समांतर असेल तरच तो रुतलेला राहतो. म्हणून दोर खोलीच्या निदान पाचपट सोडावा लागतो, वारा असेल तर सातपट. ही खोली नांगर टाकतानाची धरायची नाही, भरतीची धरायची. समजा, ओहोटीला २ मीटर पाणी आहे. त्यात भरतीचे ४ मीटर आणि बोटीच्या नाळेची, म्हणजे पुढच्या टोकाची, पाण्यापासूनची उंची १ मीटर मिळवली, तर ७ मीटर होतात आणि दोर ३५ मीटर लागतो. ओहोटीच्या पाण्यावर हिशेब करून १५ मीटर दोर सोडणाऱ्याचा नांगर भर भरतीला दुपटीच्या थोड्याच वर लांबीवर उभा ओढला जातो आणि सुटतो. उलट, ३५ मीटर दोर सोडला की ओहोटीला बोट जवळजवळ तेवढ्याच त्रिज्येत फिरते, आणि त्या वर्तुळात दुसरी बोट असता कामा नये. बोटीचे ‘पार्किंग’ गाडीच्या तुलनेत किती जागा खाते, हे यावरून ध्यानात येईल. गेटवेसमोरच्या पाण्यात लाँचची वर्दळ इतकी असते की तिथे असे मोकळे वर्तुळ मिळणार नाही. कायमचा बोया (बोट बांधण्याचा, तळाशी जखडलेला तरंगता पिंप) हवा असेल, तर मुंबई पोर्ट प्राधिकरणाकडे लेखी विचारणा केल्याशिवाय तो टाकू नये. २१ फुटी बोटीला मी तर ट्रेलरवर घरी किंवा आवारात ठेवणेच सुचवीन. बोट कोरडी राहते, तळाला कालवे धरत नाहीत आणि रात्री वारा उठला तरी आपल्याला झोप लागते.

प्रश्न : (वरील वाचकाचाच.) मांडव्याला जाताना मोठी जहाजे आडवी येतात. त्यांच्यापुढून निघून जाण्याइतका वेग आमच्या बोटीला आहे. तसे करावे का?

उत्तर : करू नये. मुंबई बंदर, न्हावा-शेवा आणि नौदल या तिघांची जहाजे ठरावीक खोल मार्गाने ये-जा करतात आणि त्या मार्गाबाहेर त्यांना पाणी पुरत नाही. समुद्रातील टक्कर टाळण्याच्या आंतरराष्ट्रीय नियमांतील नववा नियम सांगतो की, २० मीटरहून लहान बोटीने अशा अरुंद मार्गातल्या जहाजाची वाट अडवू नये. नियम बाजूला ठेवला तरी डोळ्यांचा विचार करावा. कंटेनरनी भरलेल्या जहाजाच्या चालकाला नाळेपुढचे पाणी दिसत नाही. जहाजाच्या दोन लांबींएवढे किंवा ५०० मीटर, यांतील जे कमी तेवढे आंधळे अंतर नियमानेच मान्य केलेले आहे. ताशी १२ सागरी मैल वेगाने येणारे जहाज ५०० मीटर अंतर दीड मिनिटाच्या आत कापते. नेमके त्या वेळी आपले इंजिन बंद पडले, तर जहाजावर कोणाला कळणारही नाही. मार्गाच्या कडेला थांबावे, जहाज जाऊ द्यावे आणि त्याच्या मागून शक्य तितक्या काटकोनात मार्ग ओलांडावा. चालवणाऱ्याने इंजिन बंद करणारी दोरी पायाला किंवा जॅकेटला अडकवलेलीच असावी, म्हणजे तो पाण्यात पडला तरी बोट त्याच्याभोवती पंखा फिरवत घिरट्या घालत नाही. इंधनाचे तीन भाग करावेत : एक जाण्याचा, एक येण्याचा आणि एक राखीव. संकटात व्हीएचएफ रेडिओच्या १६ क्रमांकाच्या वाहिनीवर किंवा तटरक्षक दलाच्या १५५४ या क्रमांकावर हाक द्यावी.

प्रश्न : मी शिक्षिका आहे. सातवीच्या ४० मुलांना घारापुरीला नेणार आहे. लाइफ जॅकेट देतात असे लाँचवाले म्हणतात. एवढे पुरेसे आहे का?
— एक शिक्षिका, चेंबूर

उत्तर : बाई, ‘देतात’ आणि ‘बसते’ यांत फार अंतर आहे. मोठ्या माणसाचे जॅकेट बारा वर्षांच्या मुलाला घातले आणि ते पाण्यात पडले, तर जॅकेट वर तरंगते आणि मूल त्यातून खाली निसटते. तपासायची रीत सोपी आहे. मुलाला जॅकेट घालून सगळे पट्टे आवळावेत, मग खांद्यांच्या पट्ट्यांखाली अंगठे घालून जॅकेट वर ओढावे. ते कानांपर्यंत आले, तर ते त्या मुलाचे जॅकेट नव्हे. बकल तुटलेले, शिवण उसवलेली किंवा आतला फोम दाबून चपटा झालेली जॅकेटे बाजूला ठेवायला सांगावे, आणि संकोच करू नये. लहान मापाची ४० जॅकेटे आहेत का, हे आदल्या दिवशीच विचारावे. जॅकेटे लाँच सुटण्याआधी, धक्क्यावरच घालावीत. ‘नीलकमल’वरील प्रवाशांना तशी सवड मिळाली नाही.

दुसरे, लाँचवर लिहिलेली प्रवासीक्षमता मोठ्याने वाचून दाखवावी आणि चढताना डोकी मोजावीत. ‘नीलकमल’ला ८४ प्रवासी आणि ६ कर्मचारी यांची परवानगी होती, आणि तिच्यावर शंभराहून अधिक माणसे होती. मर्यादा ओलांडली जात असेल, तर मुलांना घेऊन उतरावे. पुढची लाँच येते. वरच्या मजल्यावर सगळ्या मुलांना जाऊ देऊ नये आणि काही दिसले म्हणून एका बाजूला धावू देऊ नये, कारण उंचावरचे वजन एका कुशीला गेले की लाँच कलते. शाळेची बस मुलांना उतरवून लगेच पुढे पाठवावी आणि परतीच्या वेळी फोन करून बोलवावी. आणि सोमवारी लेणी बंद असतात, तेवढे पाहून दिवस ठरवावा.

प्रश्न : पुण्याहून अलिबागला जाताना आई-वडिलांना समुद्रातूनच न्यायचे आहे. गेटवेजवळ दोन दिवस गाडी कुठे ठेवावी?
— एक वाचक, पुणे

उत्तर : कुठेही ठेवू नये, बरोबर न्यावी. मार्च २०२० पासून भाऊच्या धक्क्याहून मांडव्यापर्यंत रो-रो सेवा चालू आहे. गाडी जहाजात चढते, तासाभरात मांडव्याला उतरते आणि वृद्धांना धक्क्याच्या पायऱ्या चढाव्या लागत नाहीत. जहाजाच्या वाहनकक्षात गेल्यावर गाडीला हातब्रेक लावावा, ती गिअरमध्ये ठेवावी आणि प्रवासात कोणीही आत बसून राहू नये. गेटवेहून सुटणाऱ्या मांडव्याच्या लाँच पावसाळ्यात बंद असतात, हे पावसाळी सहलीचे बेत आखणाऱ्यांनी लक्षात घ्यावे. हौसेच्या बोटीही मेअखेर पाण्याबाहेर काढाव्यात, कारण बंदराचे तोंड नैर्ऋत्येला आहे आणि मोसमी वाऱ्याची लाट सरळ आत येते. नारळी पौर्णिमेनंतर बोट पुन्हा पाण्यात सोडताना बॅटरी, दोर आणि अग्निशामक यांच्याही आधी बुडाच्या बुचाला स्वतःच्या हाताने पिळून पाहावे. ते लावायला विसरल्यामुळे धक्क्यापासून दहा हातांवर बसलेल्या बोटी मी एकाहून अधिक पाहिल्या आहेत.