सहकार शिकवायचा तर नफ्याच्या वाटणीपासून

ताई, तुम्ही लिहिलंय की बीबीएच्या वर्गात अमूलची केस काढली की मुलं जाहिरातीतच रमतात आणि सहकार बाजूला राहतो. राहणारच, कारण अमूल आपण मार्केटिंगच्या तासाला शिकवतो, मालक कोण हे कुणी विचारतच नाही.

मी बडोद्यात बरीच वर्षं कॉमर्स शिकवतोय, माझं म्हणणं एवढंच की व्याख्या आणि तत्त्वं मागाहून, आधी नफा वाटायला लावा. दूधधंदा एकच, नफा समजा १० लाख, वर्गाचे दोन गट. कंपनीवाले शेअरप्रमाणे वाटून पाच मिनिटांत मोकळे होतात. सहकारीवाल्यांना आधी चौथा हिस्सा राखीव निधीत टाकायचाय, मग शेअरवर डिव्हिडंड तो पण कायद्याच्या मर्यादेतच, आणि मग ज्याने जितकं दूध भरलं त्या हिशोबाने वाटायचं, आपल्याकडे डेअरीवाले भावफेर म्हणतात ना तेच. इथे भांडणं लागतात, लागू द्या. त्यात दहा म्हशीवाल्यालाही एकच मत आणि एक म्हैस असलेल्या बाईलाही एकच, हे सांगितलं की अर्धा वर्ग उठून उभा राहतो (व्यापाऱ्यांची मुलं तर हमखास!).

इतिहास थोडकाच सांगा. मुलांना वाटतं अमूल कुरियननी काढली, तर अमूल म्हणजे खेडा जिल्ह्याचा दूध संघ १९४६ चा, त्रिभुवनदास पटेलांच्या पुढाकाराने झालेला, कुरियन आणंदला आले १९४९ मध्ये. म्हणजे मालक (दूध भरणारे शेतकरी) आधी, मॅनेजर नंतर, सगळा विषय यातच आला. आणि आपल्याच गावातली अन्योन्य सहकारी मंडळी (मंडळी म्हणजे इथे संस्था) विसरू नका, विठ्ठल लक्ष्मण कवठेकरांनी १८८९ मध्ये काढली, सहकाराचा कायदा आला १९०४ ला. बडोद्यातल्या मराठी पोरांनाही हे माहीत नसतं, काय बोलायचं.

शाळेतल्या मुलांना शिकवायचं असेल तर वह्या-पेनांचं भांडार चालवायला द्या, नोंदणीच्या फंदात पडू नका, पण हिशोब आणि निवडणूक मुलांनाच करू द्या, सरांनी मधे पडायचं नाही. पुढे यातच शिकायचं असेल त्यांना आणंदची इर्मा (ग्रामीण व्यवस्थापन शिकवणारी संस्था) आहेच, २०२५ मध्ये तिथेच त्रिभुवन सहकारी युनिव्हर्सिटी झालीय.

वर्ग घेऊन जवळच्या गावातल्या दूध मंडळीत एकदा जाच, पण मंत्र्यांना (इथे मंडळीच्या सेक्रेटरीला मंत्री म्हणतात) आधी फोन करून, आणि दूध भरणं चालू असताना फॅटच्या मशीनपाशी गर्दी करू नका, रांग संपली की ते स्वतःच वही उघडून दाखवतात.