इंग्लंडमधील संरक्षित दगडी कॉटेजेस इतकी वर्षे टिकली कशी, आणि त्यांत खिळाही ठोकता येत नाही हे खरे का?

कॉट्सवोल्ड्स भागातील दगडी कॉटेजेस तीनशे-चारशे वर्षे कशी उभी राहिली, आणि ‘लिस्टेड’, म्हणजे सरकारच्या संरक्षित इमारतींच्या यादीत नोंदलेले, ठरल्यावर मालकाला भिंतीत खिळाही ठोकता येत नाही हे खरे का, असे दोन प्रश्न आपण विचारले आहेत. जुन्या घरांच्या दुरुस्तीची कामे मी त्या भागात काही वर्षे केली आहेत. सुरुवात छपरापासून करतो, कारण या घरांचा चेहरा छपराने ठरवलेला आहे.

तेथील दगड जुरासिक काळातील चुनखडक आहे. भिंगाखाली धरल्यास तो माशाच्या गाभोळीसारख्या बारीक, गोल कणांचा बनलेला दिसतो. खाणीतून नुकताच काढलेला दगड मऊ असतो, म्हणून घडाई तेव्हाच सोपी जाते. पुढे हवेत वाळून तो टणक होतो. छपरावर कौलांऐवजी चुनखडकाच्याच पातळ फरश्या असतात. ऑक्सफर्डशायरमधील स्टोन्सफिल्ड या गावी खाणीतले दगड हिवाळ्यापर्यंत ओले राखून ठेवत. कडाक्याच्या थंडीत थरांमधले पाणी गोठून फुगले की दगड आपोआप फरश्यांमध्ये सुटत असे. कडाक्याची थंडी पडण्याची चिन्हे दिसताच रात्री चर्चची घंटा वाजवून गावाला उठवत, असे सांगतात.

अशा ओबडधोबड फरश्या एकमेकींवर घट्ट बसत नाहीत. पावसाचे पाणी फटींत शिरण्याआधीच निथळून जावे, यासाठी छपराचे पाखे सुमारे ५० अंशांइतके उभे ठेवावे लागतात. पाखे उभे झाले की माळा प्रशस्त होतो, आणि माळ्यावर उजेड हवा म्हणून दर्शनी भिंतच वर चढवून तिला त्रिकोणी शिखर देतात व त्यात खिडकी बसवतात. पोस्टकार्डांवर आपण जे रूप पाहतो ते असे फरश्यांच्या खोडीतून जन्मले आहे. सर्वांत मोठ्या फरश्या वळचणीला आणि सर्वांत लहान आढ्याजवळ बसवतात. एकेका आकाराला कारागिरांनी ‘विवेट’, ‘बॅचलर’ अशी नावे दिली होती. प्रत्येक फरशीला एक भोक पाडून त्यात ओक लाकडाची खुंटी बसवत व त्या खुंटीने ती रिपेला अडकवत.

आता थोडा इतिहास. ही घरे मुळात लोकरीच्या पैशाची. बायबरी गावातील ‘अर्लिंग्टन रो’ ही सर्वांत प्रसिद्ध रांग १३८०च्या सुमारास लोकरीचे कोठार म्हणून बांधली गेली आणि सतराव्या शतकात तिची विणकरांची बिऱ्हाडे झाली. तेथे विणलेले कापड जवळच्या अर्लिंग्टन गिरणीत धुऊन-कुटून घट्ट करत आणि समोरच्या ‘रॅक आयल’ या पाणथळ कुरणात चौकटींवर ताणून वाळवत. पुढे कापडाचा धंदा कोळसा आणि वाफेच्या मागे यॉर्कशायरकडे गेला आणि या गावांत जुने पाडून नवे बांधण्याइतका पैसाच उरला नाही. घरे वाचली ती बरीचशी या गरिबीमुळे, असे माझे मत आहे. कौतुक करणारे लोक फार उशिरा आले. त्यांतले इंग्रज कवी व कलाकार विल्यम मॉरिस यांचे नाव घ्यायलाच हवे, कारण १८७७मध्ये त्यांनी स्थापन केलेल्या संस्थेने जुनी इमारत ‘नव्यासारखी’ करण्यापेक्षा तिची नित्य डागडुजी करावी, हा विचार रुजवला. १९३०मध्ये मात्र हेन्री फोर्ड यांनी चेडवर्थ गावातील एक कॉटेज विकत घेऊन, दगडांना क्रमांक देऊन ते उतरवले आणि अमेरिकेत मिशिगनमधील डिअरबॉर्न येथे पुन्हा उभे केले. आज एखाद्या संरक्षित घराचे असे करायचे तर आधी परवानगी मागावी लागेल आणि ती मिळणे जवळजवळ अशक्य आहे.

लिस्टिंगची आजची पद्धत १९४७च्या नगररचना कायद्यापासून चालत आली आहे. सध्या १९९०चा स्वतंत्र कायदा लागू आहे. इंग्लंडमध्ये सुमारे ४ लाख नोंदी असून त्यांच्या पहिली (I), दुसरी-तारांकित (II*) आणि दुसरी (II) अशा तीन श्रेणी आहेत. अर्लिंग्टन रो पहिल्या श्रेणीत आहे. नव्वद टक्क्यांहून अधिक इमारती सर्वांत खालच्या, म्हणजे दुसऱ्या श्रेणीत मोडतात. मूळ बांधकाम बरेचसे शाबूत असलेली १७००पूर्वीची इमारत सहसा यादीत येतेच. फक्त दर्शनी भाग संरक्षित असतो हा समज चुकीचा आहे. आतले जिने, तुळया, चुली, शिवाय १ जुलै १९४८पूर्वीपासून आवारात असलेल्या भिंती आणि गोठेही त्यात येतात.

यावरून घर गोठवून ठेवले आहे असे वाटेल, पण कायदा परवानगी मागायला सांगतो ती इमारतीचे वैशिष्ट्य बदलणाऱ्या कामांसाठी. जुन्याच सामानाने, जुन्याच पद्धतीने केलेल्या दुरुस्तीला सहसा परवानगी लागत नाही. खिडक्या बदलणे, धुराडे काढणे, आतला चुन्याचा गिलावा खरवडणे यांना लागते, आणि त्या अर्जाला शुल्क नसते. परवानगीविना असे काम करणे हा फौजदारी गुन्हा असून दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. शिवाय आधीच्या मालकाने केलेला बेकायदा बदल पूर्ववत करण्याची नोटीस नव्या मालकाला येऊ शकते, आणि त्याला मुदतीचे बंधन नाही.

हा कडकपणा का, हे मला एका भिंतीने शिकवले. अर्धा मीटर जाडीच्या या भिंतींत दोन्ही अंगांना दगड, मध्ये भर आणि दरजांत चुना असतो. भिंत पावसात ओलावते आणि चुन्यावाटे पुन्हा वाळते. मी पाहिलेल्या घरात कोणीतरी चुना काढून दरजा सिमेंटने भरल्या होत्या. दहा-पंधरा पावसाळ्यांनंतर दरजा तशाच कडक राहिल्या होत्या आणि मधले दगड झिजून खोलगट झाले होते. भिंतीवर जणू सिमेंटची जाळी पुढे आली होती. बोट फिरवले की दगडाची पिवळी भुकटी हाताला लागे, आणि आतल्या बाजूला पोपडे सुटलेले होते. ओल सिमेंटमधून बाहेर पडू शकली नाही, म्हणून ती दगडातून पडू लागली. तेथे पाणी गोठे, क्षार साचत आणि दगडाचा पापुद्रा निघे. चुना मऊ असतो तो झिजण्यासाठीच, दर काही दशकांनी नवा भरता यावा म्हणून. सिमेंट काढतानाही दगडाच्या कडा तुटतात, त्यामुळे ते काम आम्ही छिन्नीने, वीतभर-वीतभर जागा मोकळी करत, आठवडेच्या आठवडे केले.

राहिला खिळ्याचा प्रश्न. तसबीर लावण्यासाठी खिळा ठोकायला कोणी परवानगी मागत नाही. मात्र तो दगडात न ठोकता दरजेत ठोकावा. चुन्यातले भोक चिमूटभर चुन्याने बुजते.