रिपोर्टात लाल अक्षर आलं म्हणजे नेमकं काय?

पावसाळा लागला की आपल्या इंदूरात दोन ठिकाणी गर्दी होते, भुट्ट्याच्या किसापाशी आणि पॅथॉलॉजीच्या बाकांवर. ह्या महिन्यात आलेल्या पत्रांत निम्म्याहून जास्त तर रिपोर्टचे फोटोच आहेत. सगळ्यांना उत्तर देणं जमणार नाही, चार घेतलेत. औषध कुठलं घ्यायचं ते मी इथे सांगणार नाही, ते तुम्हाला तपासणाऱ्या डॉक्टरांचं काम, मी फक्त आकडा काय म्हणतोय ते सांगते.

प्रश्न (राजेंद्र नगर): ताई नमस्कार. मुलगा बंगलोरला असतो, त्याने ऑनलाइन फुल बॉडी चेकअप बुक करून टाकलं, माणूस घरी येऊन रक्त घेऊन गेला. आदल्या दिवशी माझी एकादशी होती, दिवसभरात थोडी फळं आणि चहा एवढंच. संध्याकाळी मोबाइलवर १४ पानांची पीडीएफ आली, ७० टेस्ट, आणि पाच ठिकाणी लाल अक्षरं! बिलिरुबिन १.९, टीएसएच ५.८, ईएसआर २८, व्हिटॅमिन डी १४ आणि एमसीएचसी जरासं कमी. वय ५८, त्रास म्हणाल तर काहीच नाही. नेटवर वाचलं तर बिलिरुबिन म्हणजे लिव्हर आणि लिव्हर म्हणजे पुढचं वाचवेना. बायको म्हणते सीटी स्कॅन करून टाका एकदाचा. दोन रात्री झोप नाही. पूर्ण रिपोर्ट पाठवतोय.

उत्तर: अहो, सीटी स्कॅन राहू द्या. आधी प्रत्येक आकड्यापुढे छापलेली ती ‘नॉर्मल’ रेंज येते कुठून ते बघा, तिच्या बाहेरचा आकडा लाल होतो. निरोगी लोकांचं रक्त तपासतात आणि त्यांच्यातल्या मधल्या ९५ टक्के लोकांचे आकडे जेवढ्यात बसतात तेवढी बहुतेक टेस्टची रेंज धरतात, म्हणजे उरलेले पाच टक्के लोक निरोगी असूनही रेंजच्या बाहेरच. आता ७० टेस्ट केल्यावर धडधाकट माणसाच्याही कागदावर तीन-चार लाल अक्षरं यायचीच. कॉम्प्युटर आकडा आत की बाहेर एवढंच बघतो, तुमची एकादशी त्याला कुठून कळणार.

बिलिरुबिनचंच घ्या, म्हणजे जुन्या लाल रक्तपेशी फुटल्यावर तयार होणारं पिवळं द्रव्य, लिव्हरने त्यावर काम केलेलं ते डायरेक्ट, अजून न केलेलं ते इनडायरेक्ट. तुमच्या रिपोर्टात डायरेक्ट बिलिरुबिन ०.३ आहे, म्हणजे वाढलंय ते इनडायरेक्ट, आणि एसजीपीटी, एसजीओटी, अल्कलाइन फॉस्फेटेज ह्या लिव्हरच्या टेस्ट सगळ्या नॉर्मल, हिमोग्लोबिन १४.६. असं असलं की बहुतेक वेळा ते गिल्बर्ट सिंड्रोम निघतं, नाव भारी आहे पण त्रास काही नाही, लिव्हरमधलं एक एन्झाइम जन्मापासूनच जरा संथ असतं आणि उपवास, ताप, जागरण झालं की बिलिरुबिन वर जातं. दोन-चार दिवस नेहमीसारखं जेवा आणि तेवढी एकच टेस्ट परत करा. रक्तपेशी जास्त फुटत नाहीयेत ना हे बघायला डॉक्टर कदाचित रेटिक्युलोसाइट काउंट (नव्या लाल पेशींची मोजणी) सांगतील, तोही करून घ्या.

ईएसआर (शरीरात कुठे सूज-संसर्ग आहे का त्याचा ढोबळ अंदाज) वयाबरोबर वाढतो, पुरुषांसाठी वयाच्या निम्मा असा जुना ठोकताळा आहे, तुमच्या वयाचं निम्मं २९, आकडा २८, म्हणजे पुढे चला. हिमोग्लोबिन चांगलं असताना नुसतं एमसीएचसी (लाल पेशींतल्या हिमोग्लोबिनचं प्रमाण) इकडेतिकडे, तेही सोडा. टीएसएच ही थायरॉइडची टेस्ट, ती ५.८ आणि थायरॉइडचं हार्मोन टी४ नॉर्मल, तर दोन-तीन महिन्यांनी त्याच लॅबमध्ये, सकाळीच, परत बघायचं, एवढे थोडे वाढलेले आकडे पुष्कळदा आपले आपण खाली येतात, आणि एका कागदावरून जन्माची गोळी सुरू करायची मला तरी पटत नाही. डी मात्र खरंच कमी आहे, २० च्या खाली कमतरता धरतात, त्याचं डॉक्टरांना विचारा.

आता जे तुम्ही पत्रात लिहिलंच नाही ते सांगते. नवव्या पानावर एचबीए१सी आहे ६.३. तो लाल नाही कारण त्याच्यापुढे रेंज छापलेलीच नाहीये, खाली बारीक अक्षरात तक्ता आहे: ५.७ च्या खाली नॉर्मल, ५.७ ते ६.४ प्रीडायबेटिस, ६.५ पासून डायबेटिस. फास्टिंग शुगर १०८, तीही काळ्या अक्षरात, कारण तुमच्या लॅबने रेंज ११० पर्यंत दिलीय, पण १०० ते १२५ मध्ये आजकाल प्रीडायबेटिसच म्हणतात. एचबीए१सी म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांच्या शुगरचा हिशोब, एका एकादशीने तो बदलत नाही. दोन्ही आकडे एकच गोष्ट सांगताहेत, तेव्हा डॉक्टरांकडे जाल तेव्हा हे पान सगळ्यात वर ठेवा. वजन थोडं उतरवलं, रोज चाललात, आणि प्रत्येक जेवणात शेव घ्यायची सवय सुटली (इंदूरकराला हे सांगणं म्हणजे पाप आहे, माहितीये मला) तर हा आकडा खाली येऊ शकतो.

आणि मुलाला सांगा, पुढच्या वेळी पॅकेज घेण्याआधी डॉक्टरांना विचार. जुने रिपोर्टही फेकू नका. किडनीचं काम दाखवणारं क्रिएटिनिन मागे ०.७ होतं आणि आता १.२ झालं तर कागद नॉर्मलच म्हणेल, पण डॉक्टरांना दोन्ही शेजारी ठेवून वेगळंच दिसेल.

प्रश्न (सुदामा नगर): काकू, मुलगा ११ वर्षांचा आहे, त्याला दोन दिवस ताप होता तर जवळच्या क्लिनिकमध्ये जांच करवली, विडाल पॉझिटिव्ह १:८० आलं आणि टायफॉइड सांगून औषध सुरू केलं. मागच्या वर्षी पण हेच, त्याच्या आधी पण. बाहेरचं पाणीपुरी वगैरे सगळं बंद केलंय तरी दर वर्षी टायफॉइड कसा होतो?

उत्तर: होत नसेलच कदाचित. विडाल १८९६ सालची टेस्ट आहे, ती जंतू शोधत नाही, जंतूंविरुद्ध शरीराने बनवलेल्या अँटीबॉडी शोधते. अँटीबॉडी वाढायला साधारण आठवडा जातो, मग दोन दिवसांच्या तापात ती काय दाखवणार? उलट आपल्याकडे टायफॉइड इतका फिरत असतो की चांगल्या खेळत्या मुलांच्या रक्तातही १:८० (म्हणजे नमुना ८० पट पातळ करूनही टेस्ट पॉझिटिव्ह) सापडतं, कधी जुन्या संसर्गामुळे, कधी दुसऱ्याच एखाद्या तापामुळे. त्याच मुलाची ताप नसताना विडाल केली तरी तोच आकडा येऊ शकतो, मग दर पावसाळ्यात साधा व्हायरल ताप आला की त्याला टायफॉइडचं नाव मिळतं आणि पोरगं अँटिबायोटिक खातं.

खरी टेस्ट ब्लड कल्चर, म्हणजे रक्तातले जंतू लॅबमध्ये वाढवून बघणं, ती अँटिबायोटिक सुरू व्हायच्या आधी करायची असते आणि रिपोर्टला दोन-तीन दिवस किंवा जास्तही लागतात, म्हणून कोणी थांबत नाही. पुढच्या वेळी ताप आला तर डॉक्टरांना सरळ विचारा, “कल्चर करायचं का?” विचारल्याने कोणी चिडत नाही, आणि चिडलंच तर दुसरे डॉक्टर बघा. पण आत्ता जे औषध चालू आहे ते माझं वाचून मध्येच बंद करू नका, त्यांच्याशी बोला. टायफॉइडची लसही असते, मुलांच्या डॉक्टरांना तिचंही विचारा.

प्रश्न (विजय नगर): यांना डेंग्यू झाला होता, सकाळी एका लॅबमध्ये प्लेटलेट ६२,००० आल्या, घरात रडारड, पपईच्या पानांचा रस आणायला माणसं धावली, संध्याकाळी दुसऱ्या लॅबमध्ये १,९०,०००. पहिल्या लॅबची तक्रार करावी म्हणते.

उत्तर: जरा थांबा. सहा-आठ तासांत प्लेटलेट तिप्पट होत नाहीत हे खरं, रसानेही नाही, पण लॅबने खोटं लिहिलं असंही नाही. जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये रक्त गोठू नये म्हणून ईडीटीए असतं, काही जणांच्या प्लेटलेट त्याच्यात एकमेकींना चिकटून गुठळ्या होतात, कधी रक्त घ्यायला वेळ लागला तरी होतात, आणि मशीन अख्ख्या गुठळीला एक प्लेटलेट सुद्धा मोजत नाही. म्हणून आकडा एकदम कमी आला की स्लाइड मायक्रोस्कोपखाली बघायची असते. रिपोर्टच्या खाली ‘प्लेटलेट क्लम्प्स’ असं काही लिहिलंय का बघा. लिहिलं असेल तर लॅबने काम नीट केलंय, घरात कोणी वाचलं नाही. काहीच नसेल तर जाऊन स्लाइड बघितली होती का ते जरूर विचारा, तो तुमचा हक्क आहे.

आणि डेंग्यूत नुसत्या प्लेटलेटकडे डोळे लावून बसू नका. ताप उतरल्यावर जोरात पोट दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, लघवी कमी होणं, असं काही दिसलं तर काउंट कितीही असो, हॉस्पिटल गाठायचं.

प्रश्न (लोकमान्य नगर): रक्त द्यायच्या आधी चहा चालतो का? आणि रोजच्या गोळ्या?

उत्तर: फास्टिंग शुगरसाठी आठ तास पोटात काही नको, चहा पण नाही, पाणी हवं तेवढं प्या. पोहे-जिलबी रक्त दिल्यावर. नुसत्या कोलेस्टेरॉलसाठी आता बहुतेक वेळा उपाशी राहावं लागत नाही, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) ४०० च्या वर आले तर परत उपाशीपोटी करतात. बीपीची गोळी नेहमीच्या वेळेला घ्या, थायरॉइडची रक्त दिल्यानंतर, शुगरच्या गोळीचं किंवा इन्सुलिनचं डॉक्टरांना विचारून. आणि केस गळतात म्हणून बायोटिनच्या गोळ्या खात असाल तर लॅबवाल्याला आधीच सांगा, थायरॉइडचे आकडे त्याने चक्क खोटे येऊ शकतात, निदान दोन दिवस आधी त्या बंद ठेवा.