तुझी वही वाचली

पारोळा

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

दिवाळीत तू निळी वही माझ्याकडे ठेवून गेलास. ‘मावशी, वाचून सांगा, कुठं चुकतंय,’ एवढंच म्हणालास आणि गाडी पकडायला पळालास. मी ती दोनदा वाचली. उत्तर द्यायला महिना लागला, कारण पहिल्या वाचनात मला त्यात चूक अशी सापडलीच नाही. पहाटे 4 ला उठणे, थंड पाण्याची अंघोळ, 16 तास उपास, दिवसाला 5 लिटर पाणी, 10,000 पावलं, साखर बंद, दूध बंद, भाकरी-पोळी बंद. 21 दिवसांचा तक्ता तीन वेळा सुरू केलेला आणि तिन्ही वेळा मध्येच तुटलेला. प्रत्येक ओळीच्या मागे कुणीतरी मनापासून काही सांगणारा माणूस आहे. आणि शेवटच्या पानावर तुझं अक्षर बारीक झालंय: ‘तरी दमतो. वाचलेलं राहत नाही. इच्छाशक्ती कमी पडतेय.’

ती शेवटची ओळ आधी खोडून टाक, बाळा. दुसऱ्या वाचनात मी त्या ओळी एकाखाली एक न वाचता तुझ्या एका दिवसात बसवून पाहिल्या. अभ्यासिका 11 ला बंद होते. खोलीवर येऊन डायरी लिहून पाठ टेकेपर्यंत साडेअकरा. उठायचं 4 ला. म्हणजे झोप साडेचार तास. मोठ्या माणसाला निदान 7 तास लागतात, आणि दिवसभर वाचलेलं डोक्यात पक्कं होतं ते झोपेतच. चारला उठणारा माणूस नऊला निजत असेल तर त्याचं चार वाजणं आणि तुझं चार वाजणं एक नव्हे. तुझी इच्छाशक्ती शाबूत आहे, झोपेचं खातं रिकामं आहे.

ऑक्टोबरात तुमच्या खालच्या शेतातल्या कपाशीवर लाल्या आला होता, आठवतं? पानं कडेपासून लाल पडायला लागली. शेजारच्यांनी मॅग्नेशियम सल्फेट फवारलं होतं, त्यांचं शेत सावरलं. तुझ्या बापूंनी लगेच पंप पाठीला लावला नाही. आधी बांधावर बसून पाहिलं, पानं उलटी करून तुडतुडे आहेत का तपासलं, मुळाशी पाणी साचलंय का, बोंडं किती लागलीत, नत्र कधी दिलं होतं, रात्री गार पडायला लागल्या का, सगळं बघितलं. कारण लाल्या एकच दिसतो, कारणं पाच-सहा असतात. मॅग्नेशियमची कमतरता, नत्राची कमतरता, पाण्याचा ताण, साचलेलं पाणी, तुडतुडे, थंडी. तुमच्याकडे खालच्या कोपऱ्यात पाणी साचलं होतं, म्हणून त्यांनी चारी काढली. हे तू डोळ्यांनी पाहिलंस, आणि स्वतःच्या अंगावर मात्र शेजाऱ्याचा फवारा मारत बसलास. एक नाही, आठ शेजाऱ्यांचे आठ फवारे.

माझ्या नोकरीतली एक गोष्ट सांगते. आरोग्य उपकेंद्रावर होते तेव्हा एक बाई महिनोन् महिने लोहाच्या लाल गोळ्या घेत होती. हिमोग्लोबिन 8 वर होतं, ते हलायलाच तयार नाही. मला वाटलं गोळ्या घेत नसेल, उकिरड्यात टाकत असेल. मी तिला तसं बोललेही, आणि त्या बोलण्याचं मला आजही वाईट वाटतं. मग एक दिवस दुपारी तिच्या घरी जाऊन बसले. कापूस वेचून आली, सगळ्यांना वाढलं, उरलेलं स्वतः खाल्लं, आणि गोळी घेतली ती चहाच्या घोटासोबत! चहा लोह अंगी लागू देत नाही. पायात चप्पल नाही, शौचाला शेतात जाणं, म्हणजे पोटात जंत असण्याची शक्यता. गोळी बरोबर होती, दिवस गोळीच्या विरुद्ध चालला होता. आम्ही जंताची गोळी दिली, लोहाची गोळी चहापासून तासभर लांब नेली, जेवणात लिंबू पिळायला सांगितलं. आणि तिच्या सासूशी बोलले की हिला आधी जेवू द्या. हे शेवटचं सगळ्यात अवघड गेलं. पण चार महिन्यांत ती 11 वर आली. तेव्हापासून सल्ला देण्याआधी मी त्या माणसाचा दिवस विचारते.

तुझा दिवस विचारते आता. मेसच्या ताटातून तू भाकरी-पोळी काढलीस, मग उरलं काय? पातळ वरण, भात, बटाट्याची भाजी. भाकरी सोडायला सांगणाऱ्याच्या घरी पनीर असेल, कडधान्य असेल, चार भाज्या असतील. दिवाळीत तू आईच्या हातची कळण्याची भाकरी बाजूला सारलीस, ‘यात कार्ब्ज असतात’ म्हणून. आई काही बोलली नाही, पण संध्याकाळी माझ्याकडे येऊन रडली, ‘मना पोऱ्या वाळी गया,’ माझं पोर वाळून गेलं म्हणून. अरे, कळण्यात ज्वारीबरोबर उडीद दळलेला असतो. ज्वारीच्या प्रथिनात लायसिन नावाचा घटक कमी, ते उडदात भरपूर; उडदात जे कमी पडतं ते ज्वारी भरून काढते. प्रथिनांचे डबे विकत घेण्याआधी हे तुझ्या ताटात होतं. रोज खा असं नाही, पण जे काढतोस त्याच्या जागी काय येतंय ते आधी बघ.

आकड्यांनी तुला फार घाबरवलंय. 10,000 पावलं हा कुठल्या वैद्याने काढलेला आकडा नाही. 1964 च्या टोकियो ऑलिंपिकनंतर जपानात एक पावलं मोजायचं यंत्र बाजारात आलं, त्याच्या नावाचाच अर्थ ‘दहा हजार पावलांचं मीटर’. आकडा गोल होता, लक्षात राहिला. पाण्याचंही तसंच. 1945 साली अमेरिकेतल्या आहार मंडळाने दिवसाला अडीच लिटर म्हटलं होतं, आणि त्यातलं बरंचसं पाणी जेवणातूनच मिळतं असंही पुढे लिहिलं होतं. ते पुढचं वाक्य गळून गेलं. जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो तेव्हा जास्त प्यायला हवंच, पण नुसतं पाणी ढोसून नाही, सोबत मीठही हवं. घाम फार गेला तर एक लिटर पाण्यात चहाच्या छोट्या चमच्याने 6 सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. हे डिसेंबर आहे, तहान लागेल तेवढं पी.

आणि तो 21 दिवसांचा तक्ता. लंडनच्या एका विद्यापीठात 96 जणांवर अभ्यास झाला होता, 2009 साली छापून आला. साधी सवय अंगवळणी पडायला त्यांना सरासरी 66 दिवस लागले, कुणाला 18, तर कुणाला 254 लागतील असा हिशेब निघाला. मधे एखादा दिवस चुकला तरी विशेष बिघडलं नाही. तू मात्र एक दिवस चुकला की पान फाडून पहिल्यापासून सुरुवात करत होतास.

एका ओळीपाशी मी थांबले. सप्टेंबरात तू लिहिलंयस: ‘पायाला मुंग्या. पाणी वाढवणे.’ बाळा, तुमच्या घरात माळ आहे, अंडं-मटण नाही. दूध होतं तेवढंच, तेही बंद केलंस. दमणं, विसरणं, पायाला मुंग्या येणं, यामागे ब-12 ची कमतरता असू शकते. थायरॉइड असू शकतं, साखर असू शकते. वहीत बसून हे कळणार नाही. सरकारी रुग्णालयात जा, डॉक्टरांना मुंग्यांचं नक्की सांग, रक्त तपासून घे, ब-12 ही पाहायला सांग. निघालं तर औषध सोपं आहे. पण लांबवलं तर नसांना इजा होते, आणि ती कायमची राहू शकते.

मी दिवस बघायला सांगते म्हणून औषधाच्या विरुद्ध आहे असं समजू नकोस. ‘आम्ही माणूस संपूर्ण बघतो, मुळापासून बरं करतो, चालू गोळ्या बंद करा’ असं म्हणणारे हल्ली फार झालेत. आमच्या ओळखीतल्या एकांनी अशाच सांगण्यावरून रक्तदाबाची गोळी सोडली. सहा महिन्यांनी अर्धांगवायू झाला, आज त्यांना चमच्याने भरवावं लागतं. संपूर्ण बघायचं तर त्यात रक्ताची चाचणीही आली, डॉक्टरही आले. जो यातलं काही वगळायला सांगतो तो संपूर्ण बघत नाहीये.

अजून एक बोलायचं होतं. चंपाषष्ठीनंतर आपल्या शेतात भरीत झालं. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजली, तुझे सगळे मित्र आले होते. तू आला नाहीस, कारण सहानंतर खायचं नाही. श्रावणात कानबाईच्या सणालाही आला नव्हतास. जागतिक आरोग्य संघटनेने 1948 सालीच म्हणून ठेवलंय की आरोग्य म्हणजे नुसता रोग नसणं नव्हे, शरीर, मन आणि माणसांमधलं असणं तिन्ही नीट असणं. तुझ्या वहीत पहिल्या दोन गोष्टींची पंचवीस पानं आहेत, तिसरीची एक ओळही नाही. गेल्या चार महिन्यांत तू कुणासोबत बसून जेवलास? मला खरंच सांग.

आता लगेच नवा तक्ता करू नकोस. या पंधरवड्यात दोनच गोष्टी. साडेसहाला ऊठ, म्हणजे झोप सात तास होईल. आणि सोमवारी रुग्णालयात जा. बाकी सगळं जसं जमेल तसं. दूध मात्र पुन्हा सुरू कर.

उद्या सकाळी आठच्या जळगाव गाडीने आईचा डबा येतोय. कंडक्टरला सांगून ठेवलंय, स्टँडवर वेळेत उभा राहा. कळण्याची भाकरी आहे, ठेचा आहे, भरीत आहे, दोन लिंबं टाकलीत. दोघांना पुरेल एवढं आहे, तुझ्या खोलीवरच्या मुलाला घेऊन बस. रिकामा डबा परत पाठवशील तेव्हा त्यात एक चिठ्ठी घाल: रोज किती वाजता निजलास, किती वाजता उठलास. एवढंच लिही, मला पुरेल.

तुझी,
मावशी