मुस्लिम मुलाने पोलीस भरतीत उतरावं का? खात्यात नावामुळे फरक पडतो का?

तू विचारलंयस ते थोडक्यात असं: वय 20, बारावी झालीय, महाराष्ट्र पोलिसात शिपाई व्हायचंय, मैदानाची तयारी सुरू आहे. पण तू मुस्लिम आहेस आणि घरचे म्हणतायत, ‘तिथे आपल्या माणसाचं काही खरं नाही.’ तुझ्या वयाचा माझा भाचा आहे, म्हणून अरेतुरे करतोय, राग मानू नकोस. मी 2008 साली शिपाई म्हणून लागलो, आता हवालदार आहे. छातीवरच्या पट्टीवर ‘शेख’ लिहिलंय.

फरक पडतो. पण तू ज्या ठिकाणी घाबरतोयस तिथे नाही.

भरतीत कुणी तुझं नाव वाचत बसत नाही. मैदान 50 गुणांचं, लेखी 100 गुणांची, आणि शिपाई पदाला मुलाखतच नाही. मुलाखत नाही हे तुझ्या दृष्टीने फार चांगलं आहे, कारण समोर बसून चेहरा बघून गुण देणारा माणूसच या साखळीत नाही. गोळा 8.50 मीटरवर पडला तर पडला. टेप धर्म बघत नाही. आमच्या वेळी 5 किलोमीटर पळावं लागायचं. 2014 मध्ये मुंबईच्या भरतीत पळताना मुलं दगावली, त्यानंतर अंतर कमी होत गेलं. आता तुम्हाला 1600 मीटर आहे. माझ्या छातीवर कागदी नंबर होता, पुढच्या मुलाची चप्पल तुटली म्हणून तो अनवाणी पळत होता, आणि त्या दिवशी माझ्या डोक्यात शेख-बिख काही नव्हतं, फक्त त्याच्या काळ्या पडलेल्या टाचा दिसत होत्या.

अडचण येते ती कागदांत. धर्माच्या नावावर आरक्षण नाही. 2014 मध्ये मुस्लिमांसाठी 5 टक्क्यांचा अध्यादेश निघाला होता. उच्च न्यायालयाने नोकऱ्यांपुरती त्याला स्थगिती दिली आणि पुढे तो अध्यादेशच संपला. पण तांबोळी, बागवान, मोमीन, पिंजारी, अत्तार अशा कित्येक मुस्लिम जाती ओबीसी यादीत आहेत. तुझी जात त्यात असेल तर दाखला काढ, आणि लवकर काढ. ओबीसीसाठी 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा पुरावा लागतो आणि आपल्याकडे गोची तिथेच होते: आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर मास्तरांनी जातीच्या रकान्यात सरळ ‘मुसलमान’ लिहून टाकलेलं असतं. मग चुलत आजोबांची नोंद शोधा, जुनं खरेदीखत शोधा, तालुक्याला फेऱ्या मारा. जाहिरात आल्यावर हे सुरू केलंस तर गेलास. यादीत जात नसेल आणि घरचं उत्पन्न 8 लाखांच्या आत असेल तर ईडब्ल्यूएस, म्हणजे आर्थिक दुर्बल घटकांचं आरक्षण, बघ. राज्याच्या अल्पसंख्याक विकास विभागाची भरतीपूर्व प्रशिक्षणाची योजनाही आहे, मोफत असते. तुझ्या जिल्ह्यात कधी सुरू होते ते जिल्हाधिकारी कार्यालयात जाऊन विचार. आणि नावाची स्पेलिंग! आधारवर एक शेख, दहावीच्या सर्टिफिकेटवर दुसरा शेख, वडिलांच्या नावात एकीकडे ‘अब्दुल’ आणि दुसरीकडे नुसतं ‘अ.’, असं असेल तर आत्ताच दुरुस्त करून घे.

निवड झाल्यावर चारित्र्य पडताळणी होते. साक्षांकन नमुन्यात, म्हणजे त्यासाठी स्वतःची माहिती भरून द्यायच्या फॉर्मात, काही लपवू नकोस. भांडणाचा एखादा किरकोळ गुन्हा सांगितल्याने जेवढी मुलं अडकतात त्यापेक्षा तो लपवल्याने जास्त अडकतात, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

लेखीत मराठी व्याकरण आहे. उर्दू माध्यमातून शिकलेल्या पोरांना त्याचा धसका असतो. त्यांना मी एकच सांगतो, ठाण्यात येऊन बघा: फिर्याद, जबाब, मुद्देमाल, जामीन, हजर, नक्कल. निम्मं ठाणं तुमच्याच शब्दांवर चालतं. ट्रेनिंगमध्ये कवायत शिकवणाऱ्यालाही सगळे ‘उस्ताद’च म्हणतात. गंमत सोड, पण मराठी लिहिता येणं हा माझ्या मते या नोकरीतला सगळ्यात मोठा आधार आहे. का, ते पुढे सांगतो.

आता ठाण्यातलं. पहिली काही वर्षं मला त्रास म्हणावा असा त्रास झाला नाही. टोमणे होते. मॅचच्या दिवशी ‘काय रे, कुणाकडून?’ हे ठरलेलं. ते हसून सोडायचं की तोंडावर थांबवायचं हे माणसावर असतं. मी दोन्ही केलंय, थांबवल्याचा पश्चात्ताप कधी झाला नाही. खरं लागलं ते वेगळंच. गावात एका मिरवणुकीवरून वातावरण तापलं होतं. बंदोबस्ताची यादी लागली आणि त्यात माझं नाव नाही. हजेरी मेजरला, म्हणजे ठाण्यात ड्युट्या लावणाऱ्याला, विचारलं तर तो प्रेमाने म्हणाला, ‘तुला कशाला त्रास? तू ठाण्यातच थांब, वायरलेस सांभाळ.’ वाईट माणूस नव्हता तो. माझ्या लग्नात जेवून गेलेला. पण मला कळलं की आज मी पोलीस कमी आणि शेख जास्त आहे. मी साहेबांच्या केबिनमध्ये गेलो, सॅल्यूट मारला आणि म्हणालो, ‘सर, मला पॉइंट द्या.’ ते दोन मिनिटं काही बोलले नाहीत. मग पॉइंट दिला, मशिदीच्या कोपऱ्यावरचाच. उन्हात नऊ तास उभा होतो. काही झालं नाही. कोपऱ्यावरच्या पोरांनी पाणी आणून दिलं, मिरवणुकीतल्या पोरांनी पाणी आणून दिलं, बाटल्या सांभाळता सांभाळता नाकी नऊ आले.

त्यानंतर यादीतून माझं नाव परस्पर कुणी काढलं नाही. तू विचारलं नसतंस तर मीही गप्प बसलो असतो, कारण हे कागदावर कुठेच नसतं. तक्रार काय करणार, काळजी घेतली म्हणून?

दुसरी बाजू घरचे तुला सांगणार नाहीत. एका रात्री दीडच्या सुमाराला मी ठाणे अंमलदार होतो, म्हणजे ठाण्यात येणाऱ्याचं ऐकून नोंद घेण्याची ड्युटी माझी होती. एक म्हातारी आली, डोक्यावर पदर, हातात प्लास्टिकच्या पिशवीत औषधं. नातवाला मोटरसायकल चोरीत आणलं होतं. तिने आधी माझ्या पट्टीकडे बघितलं, ओठ हलवत अक्षरं जुळवली आणि मग एकदम आवाज खाली आणला, ‘बेटा, तू तो अपना है ना?’ मी तिला बसवलं. गुन्हा नंबर एका चिठ्ठीवर लिहून दिला, 24 तासांच्या आत मॅजिस्ट्रेटसमोर उभं करावंच लागतं हे सांगितलं, वकील परवडत नसेल तर कोर्टातल्या विधी सेवेकडे फुकट मिळतो तेही सांगितलं. नातवाला जेवण मिळालंय हे तिला लांबून दाखवलं. पण सोडवणं माझ्या हातात नव्हतं, आणि असतं तरी सोडला नसता; गाडी त्याच्याकडेच सापडली होती. ती चिठ्ठी न घेताच उठली. दोन दिवसांत मोहल्ल्यात झालं की वर्दी अंगावर चढली की माणूस आपला राहत नाही. आणि इकडे सकाळी हजेरीला एक सहकारी, ‘शेख, काल पाहुणी आली होती म्हणे तुझी?’

हे रोजचं नाही, पण वर्षातून चारदा होणारच. दोन्हीकडचे तुला ‘आपला माणूस’ करायला बघतात, तू झाला नाहीस की दोन्हीकडचे चिडतात. अशा वेळी मला लिहिणं कामाला आलं. कोण किती वाजता आलं, काय म्हणालं, मी काय केलं, सगळं स्टेशन डायरीला. माझ्यावर झुकतं माप दिल्याचा एक तोंडी आरोप झाला होता, तेव्हा साहेबांनी डायरी मागवली, वाचली आणि मिटवली. मराठी नीट लिहायला शिक म्हणालो ते यासाठी.

दाढीचं तू विचारलं नाहीस, पण मनात असणार. परवानगीशिवाय ठेवता येत नाही. राज्य राखीव दलातल्या एका जवानाने यावर केस लढवली. 2012 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्याच्या विरोधात निकाल दिला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. माझं मत: दाढी तुझ्यासाठी तडजोड न होणारी गोष्ट असेल तर ट्रेनिंगला जायच्या आधी ठरव, नंतर नाही. रोजे ट्रेनिंगमध्येही मी धरले, सगळे नाही. ईदची रजा कधी मिळते, कधी बंदोबस्तात ईद जाते. गणपतीत गणपतीवाल्यांचंही तसंच होतं. दिवाळीला मी सहकाऱ्याची ड्युटी घेतो, ईदला तो माझी घेतो. हा हिशोब कुठल्याही जीआरशिवाय चाललाय.

घरच्यांच्या भीतीला वेड्यात काढू नकोस. 1992-93 च्या मुंबई दंगलीवर श्रीकृष्ण आयोगाचा अहवाल आहे, 1998 मध्ये आला, त्यात पोलिसांच्या पक्षपातावर स्पष्ट लिहिलंय. आपले वडीलधारे हवेत बोलत नाहीत. पण त्याच काळात भिवंडी शांत राहिली, जिथे 1984 मध्ये भयंकर दंगल झाली होती, आणि त्यामागे सुरेश खोपडे या पोलीस अधिकाऱ्याने उभ्या केलेल्या मोहल्ला कमिट्या होत्या, हेही त्यांना सांग. हसन गफूर आणि अहमद जावेद मुंबईचे पोलीस आयुक्त झाले हे सांगून मात्र उपयोग होणार नाही. माझे अब्बा म्हणाले होते, ‘ते आयपीएस. तू शिपाई. तुझी गाठ हजेरी मेजरशी.’ बरोबर बोलले होते ते, बघितलंस ना. पंधरा दिवस त्यांनी माझ्याशी अबोला धरला होता. दीक्षांत संचलनाला मात्र आले, मागच्या रांगेत बसले, आणि घरी गेल्यावर पहिला प्रश्न बक्कल नंबरचा, म्हणजे खात्यातल्या माझ्या ओळख नंबरचा. टेलिफोन डायरीत ‘श’ च्या पानावर लिहून ठेवला.

तुझ्या अब्बांना बोलायचं असेल तर मी बोलेन. तोवर दोन कामं कर. शाळा सोडल्याचा दाखला, आधार आणि दहावीचं सर्टिफिकेट एकाशेजारी एक ठेवून तिन्हीवरचं नाव अक्षर न् अक्षर जुळतंय का बघ. आणि उद्या पहाटे कुणाच्या तरी हातात घड्याळ देऊन 1600 मीटर पळ. 5 मिनिटं 10 सेकंदांत आलास तर 20 पैकी 20 आहेत. किती लागले ते कळव, खरं खरं.