मोडी कागदपत्रं वाचायला इंटर्न घ्यायचे आहेत. विद्यावेतनाचे पैसे कुठून आणावेत, की प्रमाणपत्रावर भागेल?

नाही भागणार. एम.ए. इतिहासाला असताना अशाच एका प्रकल्पावर मी फुकट राबलोय, म्हणून ठामपणे सांगतो.

एका जुन्या घराण्याचं दप्तर संस्थेकडे आलं होतं. रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे, सोडायचे, कागद झटकायचे, लिप्यंतर करायचं, कागदावरच्या शुहूर सनात (तेव्हाची एक कालगणना) ५९९ किंवा ६०० मिळवून इसवी सन काढायचा. मोडीत शब्द तोडलेले नसतात, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसतो. एखाद्या ओळीवर अख्खी दुपार जायची. आमच्यात सगळ्यात चांगलं वाचायची ती खेड्यातून आलेली एक मुलगी. महजरात, म्हणजे गावसभेच्या निवाड्याच्या कागदात, शिवेचा वाद निघाला की ओढा कुठून वळला, बांध कुणाचा, हे तिला आम्ही अक्षरं जुळवेपर्यंत कळलेलं असायचं. दिवाळीनंतर ती यायची थांबली. खोलीचं भाडं आणि मेसचे पैसे भागवायला तिने शिकवण्या धरल्या होत्या.

मी विश्वस्तांना भेटलो. म्हटलं, निदान मेसपुरतं तरी तिला द्या. त्यांनी इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांचं नाव काढलं: राजवाडे कागदांसाठी गावोगाव फिरले, त्यांनी कुणाकडे मानधन मागितलं? तेव्हा मला उत्तर सुचलं नाही. आज देतो. राजवाड्यांनी ते आयुष्य स्वतः निवडलं होतं; दुसऱ्याच्या पोरीवर ते लादायचा अधिकार कुणालाच नाही. आणि पेशवे दप्तरातले ४५ खंड इतिहासकार गो. स. सरदेसायांच्या संपादनाखाली १९३० ते १९३४ या काळात निघाले, ते मुंबई सरकारने खर्च उचलला म्हणून. आमच्या प्रकल्पात स्कॅनिंगचं बिल चुकतं झालं, छापखान्याचं झालं, प्रकाशनाच्या हॉलचं आणि शाली-श्रीफळांचंही झालं. पैसे होते, वाचणाऱ्याला द्यायचे नव्हते. शेवटी उरलो ते आईवडिलांच्या घरी राहणारे आम्ही शहरातले. खंड निघाला, पण त्यातल्या शिवेच्या महजरांत, न वाचता आलेल्या मजकुराच्या जागी, जागोजाग टिंबं आहेत. ती मुलगी असती तर तो मजकूर लागला असता.

आता निधीबद्दल. आधी कॉलेजकडे जा. ‘कमवा आणि शिका’ ही कर्मवीर भाऊराव पाटलांनी रुजवलेली कल्पना, आणि पुणे विद्यापीठात त्यांच्याच नावाने योजना चालते. बागकामाचे तास धरले जातात तर लिप्यंतराचे का धरू नयेत, हे प्राचार्यांना समोर बसून विचारा. दुसरी वाट सीएसआरची, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीच्या निधीची. कंपनी कायदा २०१३ च्या सातव्या अनुसूचीत वारसा, कला आणि संस्कृतीचं जतन येतं. संस्थेकडे आयकराची १२ए आणि ८०जी, तसंच सीएसआर निधी घेण्यासाठीची सीएसआर-१ नोंदणी मात्र हवी. अंदाजपत्रकात विद्यावेतन वेगळ्या ओळीत आणि स्कॅनिंगच्या वर लिहा. ‘इतर खर्चा’त घातलंत की पहिली कात्री तिथेच लागते. २०२४ च्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत पदवीधराला महिना १०,००० रुपये ठेवले होते, पण शिक्षण चालू असलेल्यांना ती लागू नाही. तुमच्या विद्यार्थ्यांना तिचा उपयोग नाही.

एम.ए.च्या पहिल्या वर्षाला आता ४ क्रेडिटचं ऑन जॉब ट्रेनिंग असतं. त्यामुळे ‘क्रेडिट मिळतंय की, पैसे कशाला’ असं तुमच्या बैठकीत कुणीतरी म्हणेलच. क्रेडिटने मेसचं बिल भरता येत नाही, हे तिथल्या तिथे सांगा.

एक मान्य करतो. ज्याला मोडी येतच नाही त्याला तुम्ही आधी लिपी शिकवणार असाल, तर त्या काळापुरता नुसता प्रवासखर्च दिला तरी चालेल. आणि वर्गणीवर चालणाऱ्या छोट्या संस्थेचा हात आखडता असतो, हेही खरं. मग दहा जण घेऊ नका, दोनच घ्या. निवडताना खोली घेऊन राहणाऱ्यांना आधी विचारा, पैसे दर महिन्याला द्या, आणि लिप्यंतरकार म्हणून त्यांची नावं खंडावर छापा.