मराठी प्रबंधाची संदर्भसूची एपीएमध्ये कशी लावायची?

प्रबंध मराठीत, विद्यापीठ म्हणतंय एपीए (अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनची संदर्भ लिहायची पद्धत), पुस्तकं अर्धी मराठी अर्धी इंग्रजी, मग सूची लावू कशी असं विचारलंय तुम्ही. मी इतिहासात पीएचडी केली आणि हा सगळा घोळ शेवटच्या दोन महिन्यांत घातला म्हणून सांगते.

आधी गाइडना विचारा, सूची एकच हवी की मराठी, इंग्रजी, वर्तमानपत्रं असे भाग पाडून. एपीएमध्ये यादी एकच असते, पण आपल्याकडे भाग पाडायची सवय आहे आणि सही शेवटी गाइडचीच लागते. गावाच्या नावाचंही तेच, एपीएच्या नियमपुस्तकाच्या सातव्या आवृत्तीने (२०१९) प्रकाशनाचं ठिकाण काढून टाकलंय, तरी बऱ्याच जणांना 'पुणे' दिसलं नाही की चुकल्यासारखं वाटतं.

टोपणनावाला सगळे अडतात. पुस्तकावर कुसुमाग्रज छापलंय ना, मग कुसुमाग्रजच लिहा, आणि नाटकावर वि. वा. शिरवाडकर आहे तर तिथे 'शिरवाडकर, वि. वा.'. एकच माणूस सूचीत दोन जागी दिसतो, दिसू दे. जुन्या पुस्तकावर नुसतं शके १८२० असेल तर ७८ मिळवा, १८९८ येतं (पौष-माघातलं वगैरे असेल तर ७९, पण एवढं कोणी बघत नाही). अकारविल्हे लावताना एक गंमत होते, कॉम्प्युटरला क्ष म्हणजे क आणि ष चं जोडाक्षर, त्यामुळे क्षीरसागर 'क' मध्ये जाऊन बसतात आणि आपण त्यांना ह, ळ च्या नंतर शेवटी शोधत असतो. दोन्हीपैकी काहीही चालेल, फक्त ज्ञ ला पण तोच नियम लावा.

आणि पुस्तक हातात असतानाच शीर्षकपान आणि त्याच्या मागचं पान मोबाइलवर काढून ठेवा हो. मी नुसत्या प्रकरणांच्या झेरॉक्स काढल्या होत्या, वर्ष नाही, आवृत्ती नाही. मग एका पुस्तकासाठी एसटीने परत पुण्याला लायब्ररीत गेले तर ती प्रत इश्यू झालेली, दुसरी प्रत पुनर्मुद्रणाची, तिचे पानक्रमांकच वेगळे, म्हणजे त्या पुस्तकातली सगळी अवतरणं नव्याने शोधत बसले. तेव्हा तुम्ही वापरलेली आवृत्तीच लिहा, पहिली आवृत्ती लिहिली की भारी वाटतं म्हणून ती लिहू नका.

झोटेरो (संदर्भ साठवून सूची आपोआप लावणारं सॉफ्टवेअर) फुकट आहे, वापराच. माझ्याकडे मराठी नोंदींमध्ये पण 'एट अल' इंग्रजीतच यायचं, ते हाताने 'आणि इतर' केलं आणि रिफ्रेश मारल्यावर सगळं परत होतं तसं. म्हणून असले हातकाम अगदी शेवटी, फाइलची कॉपी काढून त्या कॉपीत करा.